खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी: एआयच्या काळात मानवकेंद्री डिझाइनचे काम पायरीपायरीने कसे करावे

गावच्या दूध संस्थेची छापील चिठ्ठी नव्याने मांडून द्या, असे काम आज हाती आले, तर एआयच्या मदतीने तिचे वीस आराखडे अर्ध्या तासात समोर येतात. डॅल-ई २, मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन आणि चॅटजीपीटी ही चित्रे किंवा मजकूर बनवून देणारी साधने २०२२ या एकाच वर्षात, एप्रिल ते नोव्हेंबरच्या दरम्यान लोकांसमोर आली आणि पर्याय तयार करण्याचा खर्च जवळजवळ उरलाच नाही. त्या वीसांपैकी कोणता पर्याय पहाटे साडेपाचला, ओल्या हातात, चाळीस वॅटच्या दिव्याखाली वाचता येईल हे कळायला मात्र पूर्वीइतकेच दिवस लागतात. मानवकेंद्री डिझाइनची पद्धत सांगणाऱ्या आयएसओ ९२४१-२१० या मानकात (पहिली आवृत्ती २०१०, सुधारित २०१९) चार कामे एकामागून एक आणि गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा करायला सांगितली आहेत: वापराची परिस्थिती समजून घेणे, वापरणाऱ्यांच्या गरजा ठरवणे, उपाय तयार करणे आणि त्यांची पारख करणे. यंत्राचा, म्हणजे एआयचा, खरा हात तिसऱ्या कामात चालतो, पण हल्ली त्याला पहिल्याच कामात बसवले जाते आणि बहुतेक बिघाड तिथेच सुरू होतो, असे माझे मत आहे.

कोल्हापूर भागातील एका गावच्या दूध संस्थेसाठी मी ही चिठ्ठी मांडली, त्यामुळे पुढील सर्व पायऱ्या त्याच कामाच्या आधाराने सांगत आहे. सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणाऱ्या माणसाला मोजणी झाल्यावर एक लहान चिठ्ठी मिळते. तिच्यावर लिटर, फॅट (दुधातील स्निग्धांश), एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम असते, आणि दर दहा दिवसांनी या चिठ्ठ्यांचा हिशेब होऊन दुधाचा ‘पगार’ होतो. संस्थेचे म्हणणे असे होते की लोकांना चिठ्ठी कळत नाही, म्हणून काउंटरवर रोज वाद होतात.

पहिली पायरी: प्रश्न स्वतःच्या हाताने लिहावेत

काम मिळाल्याच्या दिवशी संगणक बंद ठेवून वहीत प्रश्नांची यादी करावी. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याबद्दल अशीच लांबलचक यादी आहे: पाणी किती आणायचे, ते डोक्यावरून, कमरेवरून की हातातून, हात केवढा, ओतायचे कसे, घासायचे कसे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली, तिच्या मुळाशी हा अहवाल होता. प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला द्यायच्या सूचना, लिहायला शिकवणारे वर्ग आता गल्लोगल्ली निघाले आहेत, परंतु लोट्याची ती यादी ज्याने एकदा मन लावून वाचली, त्याला त्या वर्गाची फारशी गरज पडू नये.

माझ्या यादीत सव्वीस प्रश्न झाले. चिठ्ठी घेताना दुसऱ्या हातात काय असते? वाचतो कोण आणि ठेवतो कोण? किती दिवस ठेवतात? वाद होतो तेव्हा ती पुढे केली जाते का? यादी पूर्ण झाल्यानंतरच ती यंत्राला द्यावी आणि सूचना अशी लिहावी: ‘यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ नकोस. मी कोणते प्रश्न विचारायला विसरले आहे तेवढेच सांग.’ या सूचनेने यंत्राची बडबड थांबते आणि त्याचे अफाट वाचन उपयोगी पडते. मला मिळालेल्या बारा प्रश्नांपैकी दहा बिनकामाचे होते, पण दूध नाकारून परत दिले तर चिठ्ठी मिळते का, हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि तो पुढे फार महत्त्वाचा ठरला.

दुसरी पायरी: माणसे बघून यावीत, बनवून घेऊ नयेत

यंत्राला ‘महाराष्ट्रातील दूध उत्पादकाचे व्यक्तिचित्र लिहून दे’ असे सांगितले, तर पंचेचाळीस वर्षांचा, दोन एकर शेती आणि चार गायी असलेला, स्मार्टफोनवर भाव बघणारा एक समंजस गृहस्थ तयार होऊन येतो. चित्र मागितले, तर पागोटे घातलेला, सुरकुतलेला, हसरा म्हातारा मिळतो. यात खोटे असे काही नसते, आणि धोका तिथेच आहे, कारण जे वाचायला खरे वाटते त्याची खात्री करायला कोणी जात नाही. अशा कल्पित माणसाचा एकच उपयोग मी करते: मुलाखतीला जाण्याआधी माझे प्रश्न त्याला विचारून बघते, म्हणजे कोणता प्रश्न अवघड आहे किंवा उत्तर तोंडात घालणारा आहे ते लक्षात येते. त्याने दिलेली उत्तरे मी साठवून ठेवत नाही.

संकलन केंद्रावर तीन सकाळी आणि दोन संध्याकाळी नुसते उभे राहिल्यावर दिसलेले चित्र वेगळे होते. किटली घेऊन येणाऱ्यांत बायका आणि शाळकरी मुले अधिक होती. एका घरचे खाते वारलेल्या सासऱ्यांच्याच नावावर चालू होते, त्यामुळे चिठ्ठीवर ठळक छापलेले नाव त्या घरात कोणाचेच नव्हते. चिठ्ठी हातात पडताच लोक दोनच आकडे बघत, फॅट आणि रक्कम, आणि फॅट कालच्यापेक्षा कमी बसली असेल तर तिथल्या तिथे मान वर करून मशीनकडे पाहत. चिठ्ठी कळत नाही हे संस्थेचे निदान तिथेच ढिले पडले. चिठ्ठी कळत होती. कालची फॅट डोळ्यांसमोर नव्हती, म्हणून वाद होत होता.

त्यानंतर घरी जावे. परवानगी घेऊन, चहाला बसून, वस्तू जिथे राहते ती जागा बघावी. मी एका मावशींना विचारले, “मावशी, ह्या चिठ्ठ्या तुम्ही ठेवता कुठं?” त्या म्हणाल्या, “ठेवायच्या कुठं? ह्यो काय खिळा.” चुलीच्या बाजूच्या भिंतीत एक खिळा होता आणि त्यावर दहा दिवसांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीच्या माथ्याला भोक पडलेले, आणि माथ्यालाच तारीख छापलेली असल्यामुळे निम्म्या चिठ्ठ्यांवरची तारीख फाटलेली. थर्मल कागद उष्णतेने काळवंडतो, तेव्हा चुलीकडची कड करडी झालेली होती. संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा धागा मला या खिळ्याने दिला, आणि तो कोणत्याही प्रॉम्प्टच्या उत्तरात येण्याचा संभव नव्हता, कारण अशा गोष्टी कोणी कुठे लिहून ठेवत नाही.

तिसरी पायरी: ध्वनिमुद्रणावर विश्वास बेताने ठेवावा

मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मजकुरात उतरवण्याचे काम आता यंत्र करते, आणि आठ तासांचे मुद्रण हाताने उतरवणाऱ्याला त्याची किंमत सांगायला नको. तरीही मूळ ध्वनी ऐकल्याशिवाय त्या मजकुरातील एकही वाक्य अहवालात घेऊ नये. गोठ्यात मागे कडबाकुट्टी चालू असते, दोन माणसे एकदम बोलतात, आणि बोली कोल्हापूरची असते. माझ्या मजकुरात ‘वैरण महाग झालीया’ याचे ‘वरण महाग झाले’ असे झाले होते आणि ‘कालवड विकली’ याच्या जागी ‘कालवण विकली’ असे होते. इथवर हसण्यावारी नेता आले असते, पण तोच मजकूर सारांशासाठी पुढे दिल्यावर यंत्राने पहिला निष्कर्ष लिहिला: कुटुंबांना स्वयंपाकावरील वाढत्या खर्चाची चिंता वाटते. वाक्य नीटनेटके होते, पुराव्यादाखल तीन अवतरणे जोडलेली होती आणि तिन्ही वैरणीची होती. अशी साधने शांततेच्या जागी कोणीही न बोललेली वाक्येही कधी कधी भरतात, हे वेगळेच.

म्हणून क्रम असा ठेवावा. मुलाखत झाली त्याच संध्याकाळी, मजकूर येण्याआधी, आठवणीतून एक पानभर नोंद स्वतः लिहावी. नंतर यंत्राचा मजकूर घेऊन ध्वनीशी ताडावा आणि बोली जशीच्या तशी राहू द्यावी, कारण ‘फॅट बसंना झालीया’ या वाक्यातला वैताग ‘फॅटचे प्रमाण कमी आढळते’ या वाक्यात उरत नाही. त्यानंतर मुद्द्यांची प्रतवारी आपण स्वतः, भिंतीवर कागद चिकटवून करावी आणि ती झाल्यावरच यंत्राकडून दुसरी प्रतवारी मागावी. दोन्हींत जिथे फरक पडतो तेवढ्याच जागा पुन्हा ऐकाव्यात. माझ्या प्रतवारीत परत केलेल्या दुधाचे बोलणे दोन ठिकाणी विखुरले होते, ते यंत्राने एकत्र आणले, हे मान्य केले पाहिजे.

याच टप्प्यावर शब्दांची वही करावी. लोक दूध ‘देत’ नाहीत, ‘घालतात’. बिल नसते, ‘पगार’ असतो. आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे ‘उचल’. दिवाळीच्या तोंडावर दूध संघाकडून वर्षाच्या दुधावर मिळणारी जादा रक्कम म्हणजे ‘फरक’, आणि यंत्राने मात्र फरकाचा अर्थ सकाळ-संध्याकाळच्या दुधातील तफावत असा लावला होता. अशा तीस-चाळीस शब्दांची अर्थासह यादी करून ती प्रत्येक संवादाच्या सुरुवातीला यंत्राला द्यावी. इंग्रजीतून विचारून मराठीत भाषांतर करून घेण्याची सवय असेल, तर ती या कामात मोडावी.

ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रे कोणत्याही साधनावर चढवण्यापूर्वी संमतीचा विचार करावा लागतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचता येण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे, म्हणजे मराठी संमतिपत्र देणे हे केवळ सौजन्य नव्हे. नाव, खाते क्रमांक आणि मोबाइल काढून टाकणे पुरेसे वाटते, पण खेड्यात ‘शाळेजवळची, तीन म्हशींची विधवा’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. असे तपशील मी साधनाला देतच नाही.

चौथी पायरी: आधी आपले रेखाटन, मग यंत्राचे

१९९१ साली डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डिझाइन करणाऱ्यांना कामाबरोबर एक नमुनाही दाखवला होता. न सांडणाऱ्या कॉफीच्या कपासाठी स्ट्रॉ वापरू नका असे स्पष्ट सांगूनही, स्ट्रॉ असलेला नमुना पाहिलेल्यांच्या रेखाटनांत स्ट्रॉ येत राहिला. डोळ्यांसमोर आलेले चित्र मनातून जात नाही, आणि आता तर डोळ्यांसमोर एका मिनिटात चार चकचकीत चित्रे येतात. त्यामुळे निदान पहिली दहा रेखाटने पेन्सिलीने, वाईट का होईनात, स्वतः काढावीत. त्यावर तारीख घालून ती बाजूला ठेवावीत आणि मग यंत्राकडे जावे.

यंत्राकडे जाताना ‘सुंदर चिठ्ठी करून दे’ असे म्हणू नये, बंधने द्यावीत. माझी सूचना साधारण अशी होती: कागद अरुंद आहे, छपाई फक्त काळी आहे, माथ्याला खिळा टोचला जाणार आहे, वाचणारी व्यक्ती खातेदार नाही, आणि कालची फॅट आजच्या फॅटशेजारी दिसली पाहिजे, या अटींत वीस मांडण्या शब्दांत वर्णन कर, चित्र काढू नकोस. वर्णने वाचताना मन मोकळे राहते. पहिल्या दहा मांडण्या एकमेकींच्या बहिणी होत्या: वर बोधचिन्ह, खाली चौकटी, शेवटी क्यूआर कोड. हा सारखेपणा उपयोगी असतो, कारण सगळीकडे काय चालते ते त्यातून समजते. सोळाव्या मांडणीत कालचा आणि आजचा आकडा एकाखाली एक ठेवलेले होते. माझ्या दहा रेखाटनांपैकी सातव्यात दोन्ही आकडे एका ओळीत होते. अंतिम चिठ्ठी या दोन कल्पनांच्या मिलाफातून झाली.

पाचवी पायरी: नमुना खऱ्या मापात करावा

पडद्यावरील देखणे चित्र इथे मदत करत नाही. ५८ मिलिमीटर रुंदीच्या थर्मल कागदावर प्रत्यक्ष छपाई ४८ मिलिमीटरमध्ये होते आणि एका मिलिमीटरला आठ ठिपके धरले तर रुंदीत एकूण ३८४ ठिपके मिळतात. तीन मिलिमीटर उंचीच्या ओळीला चोवीस ठिपके येतात आणि त्यांतच वरची वेलांटी, शिरोरेषा, अक्षर आणि खालचा उकार बसवायचा असतो. अनेक लहान छपाईयंत्रांत देवनागरी नसते, त्यामुळे मजकूर चित्ररूपाने पाठवावा लागतो. हे हिशेब एआयला विचारता येतात, आणि ठिपक्यांत मजकूर बसवून दाखवणारा छोटा प्रोग्राम त्याने मला दहा मिनिटांत लिहून दिला. पूर्वी याच कामासाठी मी मित्राच्या मागे आठवडाभर लागले असते.

अक्षरांच्या बाबतीत मात्र नियम कडक ठेवावा: चित्र बनवणाऱ्या साधनातून आलेले एकही देवनागरी अक्षर छापायला जाऊ नये. ते अक्षरासारखे दिसते, अक्षर असतेच असे नाही. जुळणी आपण स्वतः, तपासलेल्या फाँटात करावी. दूध संस्थेच्या कागदावर ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द हमखास येतो आणि त्यातला अर्धा र हा नुक्ता (खालचे टिंब) असलेल्या ‘ऱ’ पासून बनतो. तो चुकला की ‘शेतकर्यांचे’ असे छापले जाते आणि वाचणारा अडखळतो. मराठीतील ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी आहेत. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात, पण मजकुराला मराठीची खूण दिली नाही तर हिंदी वळण उमटते. तिरो देवनागरीसारख्या फाँटाची मराठीसाठी स्वतंत्र आवृत्तीच मिळते, परंतु तिच्या नाजूक रेषा थर्मल छपाईत टिकणार नाहीत असे वाटल्याने मी मुक्ता हा जाड, सरळ फाँट घेतला.

नमुन्यात भरायची माहिती यंत्राकडून घ्यावी, पण सरासरी माहिती मागू नये. सर्वांत लांब नाव, शून्य लिटर, परत केलेले दूध, एकाच घरचे गायीचे आणि म्हशीचे दूध, पगारापेक्षा उचल जास्त, अशी मांडणी मोडणारी उदाहरणे मागावीत. यात यंत्र खरोखर वाकबगार आहे. दराचे गणित मात्र त्याच्या वाक्यांवर सोपवू नये. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून वर-खाली होतो. ती आकडेमोड संस्थेच्या दरपत्रकावरून तक्त्यातच व्हावी.

सहावी पायरी: वाचून दाखवायला सांगावे

पाच-पाच माणसांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठी बदलावी. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी फार पूर्वीच दिलेला हा सल्ला अजूनही पुरतो. ‘आवडली का?’ असे विचारले तर आपल्याकडे लोक पाहुण्याचे मन मोडत नाहीत. म्हणून काम सांगावे: “काल संध्याकाळी किती दूध घातलं, ते ह्यावरून सांगा.” पहिल्याच फेरीत एका काकांनी तळाची ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. “हे कुणाचं देणं? उचल तर मागल्या पगारातच फिटली की.” त्या ओळीत यंत्राने सुचवलेले आणि मी घाईत ठेवलेले शब्द होते: ‘थकीत रक्कम’. संस्थेकडून मिळायचे बाकी असलेले पैसे, असा माझा अर्थ होता, पण गावात थकीत हा शब्द बँकेच्या नोटिशीतून येतो. आता तिथे ‘तुम्हाला मिळणार’ असे छापले जाते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष, अर्थदृष्ट्या जवळपासचा आणि माणसाच्या पोटात गोळा आणणारा शब्द ही यंत्राच्या मराठीची मोठी खोड आहे, आणि ती चाचणीतच उघडी पडते.

सातवी पायरी: कोणी काय केले त्याची नोंद ठेवावी

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. अमेरिकेतील अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मानवी कर्ता असल्याशिवाय कॉपीराइट नाही, असा निर्णय कायम ठेवला. कर्ता कोण हा वाद मिटेपर्यंत डिझाइनरने आपली वही नीट ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे: कोणती रेखाटने आधीची, यंत्राला कोणती सूचना दिली, काय घेतले आणि का टाकले. ग्राहकाला अहवाल देताना मी एक पान याचेच जोडते.

आठवी पायरी: परत जावे

चिठ्ठी सुरू झाल्यानंतर दोन पगार उलटू द्यावेत आणि मग जावे. नव्या चिठ्ठीचा माथा बारा मिलिमीटर कोरा आहे, तारीख खाली आली आहे, आणि कालची फॅट आजच्या फॅटच्या डोक्यावर आहे. काउंटरवरचे वाद कमी झाल्याचे सचिव सांगत होते, पण ते मी माझ्या डोळ्यांनी पाच वेळांत पाहिले तेवढेच धरते. मावशींच्या घरी गेले, तर खिळ्यावर चिठ्ठ्या कोऱ्या जागेतूनच टोचलेल्या होत्या. शेजारी टांगलेल्या कॅलेंडरवर मात्र त्यांच्या नातीने प्रत्येक तारखेच्या चौकोनात बॉलपेनने फॅट लिहून ठेवली होती, सकाळची वर, संध्याकाळची खाली. “चिठ्ठी काळी पडती न्हवं,” मावशी म्हणाल्या, “म्हणून पोरगी लिवून ठेवती.” त्या चौकोनांची मापे मी वहीत उतरवून घेतली आहेत.